चित्रांत नसलेला मनुष्य

छावणींत बर्फ पडत नाहीं. समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांहून थोडें अधिक उंचीवरचें, विसाव्या अक्षांशाजवळचें हें गांव; येथील हिंवाळा म्हणजे पौषांतल्या चार कडक रात्री, खाम नदीवर पहांटे उतरणारें धुकें आणि रस्त्याच्या कडेला पेटलेल्या शेकोट्या. असें असतां बर्फाळ रात्रींच्या छायाचित्रांसंबंधीं येथें बसून लिहावें हें कोणास वाळवंटांत बसून नौकानयनावर लिहिण्यासारखें वाटेल. परंतु ‘छावणी’ हें नांवच सैन्याच्या मुक्कामावरून पडलेलें आहे. निजामाच्या राज्यांतील कंटिंजंट फौजेच्या दिवसांपासून या वस्तीचा आणि शिपाईपेशाचा संबंध तुटलेला नाहीं. शहराचें नांव औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें, तरी येथील घरांतून माणसें दूरच्या थंड मुलुखांत जातात आणि त्यांच्या मागोमाग तिकडचा बर्फ छायाचित्रांच्या रूपानें येथील भिंतींवर येऊन राहतो. तेव्हां या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा छावणीकरांस अगदींच अधिकार नाहीं असें नाहीं.

आमच्या शेजारच्या घरांतील मुलगा सैन्यांत आहे. दोन वर्षांपूर्वीं तो रजेवर आला, तेव्हां त्यानें लडाखांत काढलेलें एक छायाचित्र मोठें करून, चौकट बसवून आईसाठीं आणलें होतें. चित्र रात्रीचें. बर्फानें झांकलेला लांबच लांब उतार, त्यावर पसरलेलें चांदणें, मागें डोंगराची काळसर निळी कड आणि आकाशांत मोजक्या ठळक तारका. कोठें एक पाऊल उमटलेलें नाहीं, कोठें एक दिवा नाहीं. जमलेले आम्ही सर्व ‘वाहवा’ करीत राहिलों. आईनें मात्र तें चित्र हातांत घेऊन बराच वेळ न्याहाळलें आणि दोनच प्रश्न विचारले. पहिला, “अरे, रात्र म्हणतोस, मग इतका उजेड कसा?” आणि दुसरा, “यांत तूं कुठें आहेस?” पहिल्याचें उत्तर मुलानें मोठ्या उत्साहानें दिलें. दुसऱ्यावर तो हंसला आणि म्हणाला, “अगं, मी कॅमेऱ्याच्या मागें.” आईचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. चित्र भिंतीवर लागलें. परंतु ते दोन प्रश्न आमच्याबरोबर आमच्या घरीं आले.

वरवर पाहतां दोन्ही प्रश्न साधे आहेत. पण नीट विचार केला म्हणजे दिसतें कीं, या चित्रावर येऊं शकणारे दोन मुख्य आरोप त्यांत आलेले आहेत. डोळ्यांस जें दिसलें नाहीं तें दाखविणारें चित्र खरें कसें, हा पहिला. तेथें जें सोसलें गेलें तें न दाखविणारें चित्र खरें कसें, हा दुसरा. एक अधिक दाखविल्याचा आरोप, दुसरा कमी दाखविल्याचा. आमच्या मतें पहिला टिकत नाहीं. दुसऱ्याचा मात्र जपून विचार केला पाहिजे.

प्रथम उजेडाची गोष्ट घेऊं. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश सूर्यप्रकाशापेक्षां सुमारें ४ लक्ष पटीनें मंद असतो. इतक्या मंद प्रकाशांत मनुष्याच्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ निकामी होतात आणि केवळ उजेड-अंधार जाणणाऱ्या पेशी काम करितात. म्हणून चांदण्यांतलें जग आपणांस बिनरंगी दिसतें. परंतु चंद्रप्रकाश हा परतून आलेला सूर्यप्रकाशच असल्यामुळें त्यांत सर्व रंग असतात. डोळा क्षणाक्षणाचा उजेड तेथल्या तेथें खर्च करून टाकतो. कॅमेरा मात्र भिंग वीसतीस सेकंद उघडें ठेवून येणारा प्रत्येक किरण सांठवीत बसतो. थेंबें थेंबें तळें साचावें तसा हा उजेड साचतो आणि डोळ्यांच्या आटोक्याबाहेर राहिलेली निळाई कागदावर उतरते. यांत खोटें काय आहे? दुर्बिणींतून दिसणारा तारा उघड्या डोळ्यांस दिसत नाहीं म्हणून कोणी त्यास लबाडी म्हणत नाहीं. येथें यंत्रानें पदरचें कांहीं घातलेलें नाहीं. जें होतें त्याची धीरानें वाट पाहिली, एवढेंच.

पांढऱ्या रंगाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. नुकताच पडलेला बर्फ आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकीं शेंकडा ८० ते ९० भाग परत फेंकतो. कॅमेऱ्यांतील प्रकाश मोजणारें यंत्र मात्र अशा समजुतीनें बनविलेलें असतें कीं, जगांतील कोणतेंही दृश्य सरासरीनें करडें असावें, म्हणजे शेंकडा १८ च्या आसपास प्रकाश परत फेंकणारें असावें. त्यामुळें बर्फापुढें धरतांच तें गोंधळतें. ‘उजेड फार झाला’ असें ठरवून हात आंखडतें, आणि स्वच्छ पांढरा बर्फ राखेसारखा मळकट होऊन बाहेर येतो. जाणता छायाचित्रकार अशा वेळीं यंत्राचा सल्ला मोडतो व त्यानें सांगितल्याहून दुप्पट ते चौपट प्रकाश आंत घेतो. ज्यांना बर्फ पाहावयास मिळत नाहीं त्यांना हा अनुभव आपल्या बीबीच्या मकबऱ्यावर घेतां येईल. त्या इमारतीचा घुमट व खालचा पट्टा संगमरवरी, बाकीचें बहुतेक काम चुन्याच्या गिलाव्याचें. पण चांदण्यांत सगळी एकच पांढरी दिसते, आणि जवळ जाऊन केवळ तिनेंच चौकट भरून टाकली तर यंत्र तिला हटकून करडी करितें. तेव्हां, ‘मीं कांहीं केलें नाहीं, यंत्रानें दिलें तेंच ठेविलें’ असें म्हणणारा मनुष्य प्रामाणिक असेल. त्याचें चित्र खरें असेलच असें नाहीं. सरासरीच्या मापानें असामान्य वस्तु मोजली कीं ती मळकट दिसते. त्या वेळीं माप मोडणें हाच सत्याचा मार्ग असतो. व्यवहारांत माणसांची पारख करितांना आपण हें किती वेळां विसरतों, याचा विचार वाचकांनीं आपापल्या मनाशीं करावा.

येथवर चित्र निर्दोष सुटलें. आतां आईचा दुसरा प्रश्न.

तो नीट कळावा म्हणून आम्ही गेल्या पौषांत एक लहानसा प्रयोग केला. पौर्णिमेच्या रात्रीं गच्चीवर तिपाई मांडली आणि खालच्या गल्लीचें चित्र घेतलें. समोर चुन्यानें रंगविलेली भिंत, कडुनिंबाचें झाड, वर चांदणें, खालीं विरळ धुकें. आमच्या गांवांत बर्फाच्या जितकें जवळ जातां येईल तितकें तें दृश्य जवळ गेलें होतें. भिंग तीस सेकंद उघडें होतें. तेवढ्या वेळांत गल्लीचा चौकीदार, कानटोपी घालून, अंगाभोंवतीं घोंगडी लपेटून, काठी आपटीत या टोंकापासून त्या टोंकापर्यंत चालत गेला. आम्हीं त्यास डोळ्यांनीं पाहिला, त्याच्या काठीचा आवाज ऐकला. चित्र पाहतों तों गल्ली ओस! भिंत होती, झाड होतें, दगडन्‌दगड होता. मनुष्य तेवढा नव्हता. त्याच्या हातांतील विजेरीची एक बारीक रेघ भिंतीच्या कडेनें गेली होती, इतकीच काय ती खूण.

कारण उघड आहे. जें स्थिर राहतें त्याचा उजेड एकाच जागीं सांठतो. जो चालत राहतो त्याचा उजेड कोठेंच पुरेसा सांठत नाहीं, आणि मागची भिंत त्याला पुसून टाकते. पण कारण कळलें म्हणून मनाची टोंचणी गेली नाहीं. त्या थंडींत, त्या वेळीं, त्या गल्लींत जागा असा तो एकच मनुष्य होता. गल्लीच्या शांततेचा राखणदार तोच. आणि चित्रांत शांतता आली, राखणदार आला नाहीं. आमच्या शेजारणीनें न शिकतां ओळखलेली गोष्ट शिकण्यास आम्हांला एक रात्र जागावें लागलें.

छायाचित्रणाच्या इतिहासाकडे पाहिलें तर हा पेच जुना असल्याचें दिसतें. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हा अमेरिकन छायाचित्रकार १८९३ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर हिमवादळांत तीन तास उभा राहिला आणि त्यानें आपणांकडे चालून येणाऱ्या घोडागाडीचें तें प्रसिद्ध चित्र घेतलें. त्यांत वादळ आहे, आणि वादळांतून गाडी हांकणारा मनुष्यही आहे. पुढें १८९८ मध्यें त्यानेंच बर्फाळ रात्रीचें एक चित्र घेतलें; त्यांत झाडें, दिवे आणि पांढरी वाट आहे, मनुष्य नाहीं. दुसरें चित्र अधिक शांत आहे. पण पहिल्यापुढें थंडी अंगाला लागते, दुसऱ्यापुढें ती केवळ पाहतां येते.

याहून बोलकें उदाहरण कॅप्टन स्कॉट याच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेंतलें आहे. तिचा छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग हा आपल्या कलेंत निष्णात होता. १९११ च्या जून महिन्यांत, जेव्हां तिकडे सूर्य उगवतच नाहीं, त्यानें किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या एका हिमनगाचें चित्र झगझगत्या दारूच्या उजेडांत घेतलें. बर्फाळ रात्रीचीं जीं उत्कृष्ट चित्रें आज पाहावयास मिळतात त्यांत त्याची गणना करावी लागेल. परंतु पाँटिंग ध्रुवापर्यंत गेला नाहीं. स्कॉट आणि त्याचे चार सोबती १९१२ च्या जानेवारींत ध्रुवावर पोंचले, तेव्हां अमुंडसेन तेथें आधींच येऊन गेलेला होता. त्या पांचांचें चित्र त्यांच्यापैकींच बॉवर्स यानें कॅमेऱ्यास दोरी बांधून ती ओढून घेतलें. परतीच्या वाटेवर पांचही जण मरण पावले; त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तिघांचीं प्रेतें तंबूंत सांपडलीं, आणि त्यांच्याबरोबर ती फिल्मही. कलेच्या दृष्टीनें तें चित्र सामान्य आहे. पण त्या पांच चेहऱ्यांपुढें उभें राहिल्यावर ‘बर्फ किती सुंदर!’ असें शब्द कोणाच्याही तोंडून निघणार नाहींत. तेथें भिंगाच्या पुढचे आणि मागचे हा भेद उरलेला नाहीं.

आमच्या देशाला हें उदाहरण दूरचें नाहीं. १३ एप्रिल १९८४ पासून भारतीय सैन्य सियाचेनच्या हिमनदीवर उभें आहे, आणि तेथें शत्रूच्या गोळीनें गेले त्यांहून थंडीनें, विरळ हवेनें व हिमकडे कोसळून गेलेले अधिक. ३ फेब्रुवारी २०१६ रोजीं सुमारें १९,५०० फूट उंचीवरील एका ठाण्यावर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यांतील एक होता. कर्नाटकांतील एक जवान सहा दिवसांनंतर बर्फाखालून जिवंत निघाला, आणि ११ तारखेस दिल्लीच्या रुग्णालयांत गेला. त्या आठवड्यांत या छावणींतील कितीएक घरांत त्या बातमीवांचून दुसरें बोलणें नव्हतें. तो बर्फ चांदण्यांत पाहिला असता तर शेजारच्या भिंतीवरील बर्फाइतकाच पांढरा, इतकाच निःशब्द दिसला असता. दोहोंमधील भेद कोणतेंही भिंग दाखवूं शकत नाहीं.

यावर आमचे रसिक मित्र एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाहीं. ते म्हणतील, “कलेकडे साक्षीदाराचें काम कां मागतां? करुणरसानेंही आनंद होतो हें आपल्या साहित्यशास्त्रानें केव्हांच सांगून ठेविलें आहे. नाटकांतील सीतेचा शोक हा कोणा एका स्त्रीचा न राहतां सर्वांचा होतो, म्हणूनच तो आस्वाद्य होतो. तसेंच या बर्फाचें.” ‘कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला’ हा वाद फडके-खांडेकरांच्या काळीं महाराष्ट्रांत गाजला, तो पुनः उकरून काढण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु नाटक आणि छायाचित्र यांत एक मूलभूत फरक आहे. रंगभूमीवर सीता रडते तेव्हां त्या क्षणीं खरोखर दुःख भोगणारी स्त्री तेथें नसते. पडदा पडला कीं नटी आपल्या घरीं जाते. छायाचित्राचें तसें नाहीं. तो उतार खरोखरच होता, ती थंडी खरीच होती, आणि तीस सेकंद आकडे मोजीत उभ्या असलेल्या मुलाचीं बोटेंही खरींच बधिर झालीं होतीं. नाटकाचें दुःख सर्वांचें होऊं शकतें, कारण तें कोणा एकाचें नसतें. छायाचित्राखालीं मात्र नेहमीं कोणा एका मनुष्याची एक रात्र असते. ती त्याची त्याला परत देण्याचें ऋण पाहणाऱ्यावर राहतें.

मग काय, असलीं चित्रें काढूंच नयेत? कीं प्रत्येक चित्राखालीं ‘येथें अमुक मेले’ अशी पाटी लावावी? येथें आम्हांस आमच्याच युक्तिवादाची भीति वाटते. कारण ज्यानें ती रात्र सोसली त्यानेंच ती सुंदर म्हणून टिपली होती. आम्हीं त्यास एकदां विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “काका, थंडी रोजचीच होती. तसला उजेड रोज नव्हता.” पहाऱ्यावर असलेल्या माणसास सौंदर्य दिसूं नये, त्यानें आम्हांला केवळ आपल्या हालअपेष्टा दाखवाव्या आणि आम्हीं केवळ हळहळावें, हाही एक प्रकारचा जुलूमच आहे. घरांत उबेला बसून दुसऱ्याच्या थंडीवर उसासे टाकणें फार स्वस्त असतें. शिवाय त्यानें थंडी वगळली ती आम्हांस फसविण्यासाठीं नव्हे. आईच्या भिंतीवर रोज डोळ्यांपुढें राहणाऱ्या वस्तूंत आपले हाल नसावेत, एवढाच त्याचा हेतु. पत्रांतून ‘मी खुशाल आहें’ असें लिहिणाऱ्या हजारों मुलांनीं हेंच केलें आहे, आणि त्या वाक्यास असत्य म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं.

तरीही प्रेमानें लपविलेली गोष्ट लपलेलीच असते. ‘खुशाल आहें’ हें वाचून आई निश्चिंत होत नाहीं. ती त्या अक्षरांचा थरकांप शोधीत बसते. मुलाचा हेतु तिला दुःख न देण्याचा, तिचा हेतु त्याच्या दुःखाबाहेर न राहण्याचा. दोघांतही प्रेमच आहे, आणि तरी दोघांचे हेतु एकमेकांस आडवे येतात. या पेचांतून कोणताही नियम आम्हांस पुरता सोडवूं शकलेला नाहीं. फार तर एक कसोटी सुचविणें शक्य आहे. ज्यानें ती रात्र सोसली त्याच्यासमोर तें चित्र धरून, आम्ही जें बोलतों तेंच शब्द न लाजतां बोलतां येतील काय? येत असतील तर चित्र खरें, आणि आमचें पाहणेंही खरें. येत नसतील तर दोष चित्राचा असो वा नसो, आमच्या पाहण्यांत कांहीं तरी खोट आहे. आमच्या गच्चीवरील चित्र या कसोटीस उतरत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं तें चौकीदारास दाखविलें, तेव्हां तो बराच वेळ पाहून म्हणाला, “गल्ली छान आली साहेब. मी तेव्हां जेवायला गेलों असेन.” आम्हीं त्यास त्या बारीक रेघेवर बोट ठेवून दाखविलें. तो मोकळेपणानें हंसला. आम्हांला मात्र तसें हंसतां आलें नाहीं.

शेजारचा मुलगा गेल्या हिंवाळ्यांत पुनः रजेवर आला. या खेपेस त्यानें दुसरें चित्र आणलें होतें. तसाच उतार, तसेंच चांदणें. पण या वेळीं कॅमेरा दगडावर ठेवून, कळ आपोआप दाबली जाईल अशी योजना करून तो स्वतः भिंगापुढें जाऊन उभा राहिला होता. पावलांची ओळ बर्फांतून त्याच्यापर्यंत गेलेली स्पष्ट दिसत होती. चेहरा मात्र नीट आला नव्हता. कड हललेली, नाकडोळे एकमेकांत मिसळलेले, हात धुक्यासारखे. “चित्र बिघडलें,” तो ओशाळून म्हणाला, “तीस सेकंद हलायचें नाहीं असें ठरवलें होतें, पण अंगांत हिंव भरलें, तें काही थांबेना.”

थंडीचें चित्र काढतां येत नाहीं असें आम्ही इतके दिवस समजत होतों. ती त्या पुसट चेहऱ्यांत उतरली होती. आईनें पहिलें चित्र काढून टाकलें नाहीं. तें ओटीवर आहे, येणारा-जाणारा अजूनही त्याची वाखाणणी करितो, आणि मुलाला तें आवडतें हें तिला ठाऊक आहे. दुसरें तिनें आंत, देवघराशेजारच्या भिंतीवर लाविलें. आम्हीं विचारलें, “वहिनी, यांत तर त्याचा चेहराही ओळखूं येत नाहीं.” त्या म्हणाल्या, “येतो कीं. लहानपणीं शाळेंत जायला थंडींत उठवलें कीं असाच उभा राहायचा.”